मदत हवी आहे: २८ आरला व्हिज्युअल अ‍ॅप्रोच, दर वेळी शेजारच्याच्या अंगावर जातोय (धागा २०२४चा; विमानं जोडीने उतरवायची पद्धत आणि आकडे तेव्हाचे)

घाईतला_गणपुले | १६ नोव्हेंबर २०२४, रात्री ११:४२

चार दिवस झाले, डोकं आउट झालंय. २८ आरला (समांतर जोडीतली उजवी धावपट्टी) व्हिज्युअल, म्हणजे डोळ्यांनी बघत उतरणं, मिळतो. कंट्रोलर विचारतो, २८ एलचं, म्हणजे डावीकडच्या धावपट्टीचं, ट्रॅफिक दिसतंय का? मी हो म्हणतो. तो म्हणतो, मेंटेन व्हिज्युअल सेपरेशन, म्हणजे बघून तूच अंतर राख. इथवर ठीक. फायनलला (धावपट्टीच्या सरळ रेषेत) वळलो की टीकॅस (टक्कर टाळायचा इशारा देणारं यंत्र) बोंबलायला लागतं आणि मी शेजाऱ्याच्या पंखाखाली. काल कंट्रोलरने सगळ्यांसमोर झापलं. ऑटोपायलट लोकलायझर (धावपट्टीच्या मध्यरेषेचा रेडिओ संकेत) पकडतच नाहीये, बिघाड आहे हे नक्की. कोणाला असं झालंय का? लवकर सांगा, उद्या रात्री परत उडवायचंय.

नलूमावशी | रात्री ११:५८

अरे देवा! बाळा, तू कुठल्या कंपनीत वैमानिक आहेस तेवढं सांगून ठेव. लेकीकडे जायचं डिसेंबरचं तिकीट काढून बसलेय मी.

घाईतला_गणपुले | रात्री १२:०१

अहो मावशी, सिम्युलेटर! घरी, टेबलावर. ऑनलाइन नेटवर्कवर कंट्रोलर खरी माणसं असतात एवढंच.

पॅचवाला | रात्री १२:१०

सीनरीचा घोळ आहे. मला दिल्लीला सेम झालं होतं. सगळं उडवून रीइन्स्टॉल कर, नॅव्हिगेशन डेटाही नवा टाक. डोळे झाकून.

टॉवरकाका | सकाळी ६:२०

रीइन्स्टॉल नंतर. आधी विमानतळ कोणता ते सांग. २८ आर जगात डझनभर ठिकाणी असेल. विमान कोणतं, वळताना वेग किती, वारा कुठून, किती अंशात वळतोस? मी २९ वर्षं टॉवर आणि अ‍ॅप्रोचला काढली. अर्धे अपघात ‘ते तर माहीतच आहे’मध्ये असतात.

घाईतला_गणपुले | सकाळी ८:१५

सॅन फ्रान्सिस्को, अजून कोणता? ७३७. वेग नॉर्मल.

टॉवरकाका | सकाळी ८:३१

नॉर्मल म्हणजे किती?

घाईतला_गणपुले | सकाळी ८:४०

२१० असेल. काका, वेगाचा काय संबंध? लोकलायझर पकडत नाहीये.

टॉवरकाका | सकाळी ९:०५

संबंध असा. तिथे २८ एल आणि २८ आर यांच्या मध्यरेषांत फक्त ७५० फूट अंतर आहे, म्हणजे सव्वादोनशे मीटर. तू २१० नॉटने येतोयस, वळण ३० अंशांचं धरू. आपली रेषा चुकली तर शेजारची गाठायला तुला चार सेकंद लागतात. चार! तेवढ्यात तू माउस शोधत असतोस.

आता हे दोघांना शेजारी-शेजारी आणतातच कशाला? कारण तिथे टेकऑफ बहुतेक १ एल आणि १ आर वरून होतात, आणि त्या धावपट्ट्या २८च्या जोडीला आडव्या छेदतात. दोन विमानं जोडीने उतरवली की मागे मोकळी फट मिळते, त्या फटीत आडवी दोन सोडायची. एकेक उतरवत बसलं तर फटच उरत नाही. म्हणून हवा स्वच्छ असली की तासाला साठेक विमानं उतरतात, आणि समुद्रावरचा ढग खाली बसला की आकडा निम्म्यावर येतो. एवढ्या जवळच्या धावपट्ट्यांवर रडारने अंतर राखून जोडी लावता येत नाही. शेजारचा दिसतोय असं वैमानिकाने सांगितलं की अंतर राखायची जबाबदारी त्याच्या गळ्यात. वेक टर्ब्युलन्सचीसुद्धा, म्हणजे पुढच्या विमानाने मागे सोडलेल्या भोवऱ्यांची.

फॉस्टरसिटीकर | सकाळी ९:३० (आमच्याकडे आदली रात्र)

काकांना +१. आमच्या घराजवळच्या खाडीकाठच्या वाटेवरून रोज दिसतं. सॅन मटेओ पुलापासून दोन विमानं जोडीने चालतात, एक किंचित मागे, वारीतल्या माउलींसारखी. आईबाबा आले होते तेव्हा बाबांनी चहा टाकून पंचेचाळीस मिनिटं मोजत उभं राहायचा विक्रम केला. जून-जुलैत मात्र सकाळी धुकट असतं, मग सगळं लेट. पाहुणे आणायला जाताना विमान कुठवर आलं ते बघूनच घर सोडा. पार्किंग महाग आहे.

हाताने_उडवा | सकाळी १०:०२

ऑटोपायलट बंद कर, प्रश्न संपला. व्हिज्युअल म्हणजे व्हिज्युअल! डोळे बाहेर. तीन मैलांवर साधारण हजार फूट, पापीचे (धावपट्टीशेजारचे, उतार बरोबर आहे का ते दाखवणारे दिवे) दोन पांढरे दोन लाल. आजकालची पोरं व्हिज्युअलला पण खोक्यात डोकं घालून बसतात.

टॉवरकाका | सकाळी १०:४०

असं बोलू नका हो. जुलै २०१७ मध्ये याच विमानतळावर टोरांटोहून आलेलं एअर कॅनडाचं ए३२० रात्री २८ आरला व्हिज्युअल करत होतं. २८ एल बंद होती, तिचे दिवे मालवलेले. दिवे लागलेली २८ आर वैमानिकांना २८ एल वाटली, आणि त्यांनी तिच्या उजवीकडचा टॅक्सीवे (विमानं धावपट्टीपर्यंत नेणारा रस्ता) धरला. त्यावर चार विमानं उभी होती. ६० फुटांपर्यंत खाली येऊन वर गेले. त्या अ‍ॅप्रोचला आयएलएसची (रेषा आणि उतार दाखवणारी रेडिओ यंत्रणा) फ्रिक्वेन्सी हाताने लावायची होती, ती लावायची राहिली. लावली असती तर सुईने सांगितलं असतं की बाबा, तू रेषेवर नाहीस. डोळे बाहेर ठेवा, पण सुई शेजारी हवीच.

हाताने_उडवा | सकाळी १०:५५

एक उदाहरण! आणि २०१३ला तिथेच आपटलेलं एशियानाचं विमान? तिथे तर ऑटोथ्रॉटलवर (वेग आपोआप राखणारी यंत्रणा) विसंबूनच वेग घसरला.

टॉवरकाका | सकाळी ११:१०

बरोबर, आणि तेही २८ एलला व्हिज्युअलच. त्या दिवशी तिची ग्लाइड स्लोप बंद होती. म्हणजे उताराची सुई नव्हती, हाताने उतरवायची सवय नव्हती आणि वेगाकडे वेळेवर लक्ष गेलं नाही. तुमचं आणि माझं दोघांचंही उदाहरण आहे ते. भांडायचं असेल तर वेगळा धागा काढा.

पॅचवाला | सकाळी ११:२५

तरी रीइन्स्टॉल करून बघायला काय हरकत आहे?

डोंबिवली_फास्ट | दुपारी १२:००

अवांतर: आपल्या मुंबईत का नाही करत असं? तासभर वर घिरट्या घालून सुरतेचं दर्शन होतं.

टॉवरकाका | दुपारी १२:२०

मुंबईत ०९/२७ आणि १४/३२ एकमेकींना कापतात, समांतर नाहीत. नवी मुंबईच्या आराखड्यात दोन समांतर आहेत, दीड किलोमीटरहून जास्त अंतरावर. तेवढ्या अंतरावर ढगातही दोघांना आपापल्या आयएलएसवर स्वतंत्र आणता येतं, शेजारचा दिसायची गरज नाही.

डोंबिवली_फास्ट | दुपारी १२:२४

गेल्या महिन्यात हवाईदलाचं सी-२९५ उतरलं तिथे! पण मेट्रो येईपर्यंत डोंबिवलीहून पोचायचं कसं, यावर कोणी बोलणार का?

नलूमावशी | दुपारी १२:४१

मला फॉस्टरसिटीकरांना विचारायचंय. लोणचं चेक-इनमध्ये चालतं का? आणि ती जोडीतली विमानं बघायला डावी खिडकी घेऊ की उजवी?

फॉस्टरसिटीकर | दुपारी १२:५०

मावशी, लोणचं चालतं, कस्टमला खरं सांगा, तेलाला दोन पिशव्या करा. खिडकीचं जरा नशिबावर…

घाईतला_गणपुले | दुपारी १:०५

धागा हायजॅक करू नका!! हा विमानांचा धागा आहे!!! माझी सुई मधोमध असते. तरीही मी शेजाऱ्यावर जातो. म्हणून तर म्हणतोय बिघाड आहे.

टॉवरकाका | दुपारी १:१२

सुई मधोमध? थांब. पहिल्या पोस्टीत म्हणालास लोकलायझर पकडत नाही. नक्की काय? आणि फ्रिक्वेन्सी कोणती लावतोस?

घाईतला_गणपुले | दुपारी १:१५

म्हणजे २८ आरची रेषा पकडत नाही असं. फ्रिक्वेन्सी १०९.५५. चार्टवर आहे तीच.

टॉवरकाका | दुपारी १:१७

१०९.५५ ही २८ एलची आहे. २८ आरची १११.७०.

पॅचवाला | दुपारी १:१९

😂

फॉस्टरसिटीकर | दुपारी १:२०

म्हणजे बिचारा ऑटोपायलट चार दिवस इमानेइतबारे शेजारणीच्या दारात नेऊन उभा करतोय.

घाईतला_गणपुले | दुपारी १:४८

ओके. चार्टचं पान २८ एलचं उघडं होतं. पण मग टीकॅस? १११.७० लावूनही बोंबललं तर?

टॉवरकाका | दुपारी २:१०

बोंबलू शकतं. त्याला शेजारी आलेला फक्त जवळ दिसतो, हेतू कळत नाही. म्हणून अशा जवळच्या जोडीला काही कंपन्या टीए ओन्लीवर ठेवायला सांगतात: सावध करेल, वर-खाली जायचा आदेश देणार नाही. पण ते तू रेषेवर असशील तरच. चार दिवस ते बोंबललं ते योग्यच होतं. वळायच्या आधी १८०वर ये, आणि शेजारच्याला मागे टाकून पुढे जाऊ नकोस.

एक राहिलंच. शेजारचं विमान खरंच दिसत होतं का?

घाईतला_गणपुले | दुपारी २:३०

स्क्रीनवर ठिपका होता. नाही म्हटलं तर रांगेत मागे टाकतात.

टॉवरकाका | दुपारी २:३८

टाकू देत. ऑक्टोबर २०२३ मध्ये म्युनिकहून आलेल्या लुफ्थान्साला रात्री व्हिज्युअल सेपरेशन घ्यायची कंपनीची परवानगी नव्हती. ते थांबले, थांबले आणि शेवटी शेजारच्या ओकलंडला जाऊन उतरले. प्रवासी वैतागले असतील, पण जे स्वीकारायची मुभा नव्हती ते वैमानिकाने स्वीकारलं नाही.

हाताने_उडवा | दुपारी २:५५

कंपनीचे नियम करून करून वैमानिकांना कारकून केलंय.

घाईतला_गणपुले | १८ नोव्हेंबर, रात्री १२:३६

अपडेट: १११.७०, वेग १८०, उतरलो २८ आरवर. ट्रॅफिक विचारलं तेव्हा ‘नेगेटिव्ह’ म्हणालो, तर वीस मिनिटं होल्डिंगमध्ये (घिरट्या घालत) बसवलं. काका, खूश का?

टॉवरकाका | सकाळी ६:०५

खूश.

नलूमावशी | सकाळी ७:१०

अभिनंदन रे बाळा. पण खिडकी डावी की उजवी?

फॉस्टरसिटीकर | सकाळी ७:२२

२८ आरला उतरलात तर डावी, २८ एलला तर उजवी. आणि कुठे उतरवणार ते तिकीट काढताना कोणी सांगत नाही.