प्रतिसाद: ग्रब अपग्रेडनंतर ८ जीबीतली जेमतेम ३ जीबी रॅम दिसते

खानापूरच्या भाऊंनी विचारलंय, की ग्रब (मशीन सुरू होताना उबंटू चालू करून देणारा प्रोग्राम) अपग्रेड केल्यावर ८ जीबीतली जेमतेम ३ जीबी रॅम दिसते. त्यांनी रॅम बदलायची घाई करू नये. बायोस (मशीन सुरू होताच हार्डवेअर तपासणारा प्रोग्राम) ८ जीबी मोजतो आणि उबंटू ३ दाखवतं, म्हणजे रॅमच्या काड्या बहुधा ठीक आहेत. मधे कुठंतरी गळती आहे.

ग्रबच्या मेनूवर 'सी' दाबा, 'एलएसएममॅप' चालवा. ४ जीबीच्या वरचा पट्टा तिथं 'अव्हेलेबल' दिसला तर ग्रबलाही सगळी रॅम दिसतेय. मग उबंटूत जाऊन प्रॉक फोल्डरातली 'सीएमडीलाइन' फाइल वाचा; उबंटूच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, सुरू होताना दिलेल्या सूचना तिथं असतात. रॅमला मर्यादा घालणारं 'मेम=३जी' असं काही चिकटलंय का? असलं तर ईटीसी/डिफॉल्ट/ग्रबमधून काढा, 'अपडेट-ग्रब' चालवा, रीबूट.

तिथं 'मेममॅप' असेल तर जास्त जपा. रॅममधला खराब पत्ता वगळायला आकार आणि पत्ता यांच्या मधे डॉलरचं चिन्ह लागतं, आणि ग्रब ते व्हेरिएबल समजून गिळतो. चिन्ह गेलं की कर्नल तो आकाराचा आकडाच रॅमची कमाल मर्यादा धरतो, वरची सगळी छाटतो. डिफॉल्ट फाइलीत डॉलरआधी सहसा तीन बॅकस्लॅश लागतात. अपग्रेडवेळी 'जुनी फाइल ठेवू की नवी' या प्रश्नाला नुसतं एंटर मारलं की असले घोळ होतात.

मेनूत जुना ३२-बिट, पीएई (३२-बिटला ४ जीबीवरची रॅम वापरू देणारी सोय) नसलेला कर्नल वर आला असेल तरीही ३ जीबीच दिसणार; 'युनेम -एम' चालवून कर्नल ३२-बिट की ६४-बिट ते बघा.

बायोसच ४ दाखवू लागला तरच कॅबिनेट उघडा. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात संपर्कपट्ट्या काळवंडतात. प्लग काढून खोडरबरानं पुसा, एकेक काडी आलटून-पालटून लावा. बेळगावला दुरुस्तीला न्यायचं त्यानंतर.