सर्व्हे फॉर्म, ट्रिब्यूट पेज रेझ्युमेवर टाकलं तर बिघडलं कुठे?

निफाडची_कोडर
परवापासून एक पोस्ट सगळ्या ग्रुपवर फिरतेय. गंगापूर रोडला छोटी सॉफ्टवेअर कंपनी चालवणाऱ्या कुणा गृहस्थांची. म्हणे, फ्रीकोडकॅम्पचे (वेबसाइट बनवायला शिकवणारी ऑनलाइन संस्था) सर्व्हे फॉर्म, ट्रिब्यूट पेज वगैरे ते पाच प्रोजेक्ट रेझ्युमेवर दिसले की मी पुढे वाचतच नाही, हे प्रोजेक्ट नव्हेत, गृहपाठ आहे. खाली हसण्याच्या इमोजींचा पाऊस.

गृहपाठ तर गृहपाठ. पण एकदा करून बघा ना साहेब. सर्व्हे फॉर्ममध्ये ईमेल चुकीचा टाकला तर फॉर्म पुढे जाता कामा नये, आकड्याच्या खान्याला किमान-कमाल मर्यादा हवी, लेबलं हवीत, ड्रॉपडाउन, रेडिओ बटणं, चेकबॉक्स, सगळं हवं. प्रत्येक अटीला वेगळी टेस्ट, साइटच आपोआप तपासते. दुसऱ्याने लिहून दिलेल्या अटी वाचायच्या आणि तसंच करून द्यायचं, तुमच्या ऑफिसात पोरं दिवसभर याहून वेगळं काय करतात?

आमच्या घरात कोणी इंजिनिअर नाही. बीएस्सी झाले, पुण्याला खोली घेऊन क्लास लावायची ऐपत नव्हती. २०१४ पासून ती संस्था हे सगळं फुकट शिकवतेय, म्हणून तर शिकता आलं. फुकट मिळालं म्हणून त्याला किंमत नाही, असंच ना?

कॉलेजरोड_देव
ती पोस्ट माझी नाही, पण मीही मुलाखती घेतो आणि त्या माणसाचा वैताग मला कळतो. ताई, टेस्ट नक्की काय तपासते? सर्व्हे फॉर्मात टायटल नावाचा आयडी आहे का? आहे. झालं, हिरवी खूण. पान मोबाइलवर उघडलं की बटण स्क्रीनच्या बाहेर लोंबतंय, त्याचं टेस्टला काही नाही. गिटहबवर, म्हणजे लोक आपला कोड ठेवतात त्या साइटवर, हेच पाच प्रोजेक्ट ढिगाने पडलेत, उचलून चिकटवले तरी पास.

ट्रिब्यूट पेज म्हणजे एखाद्या थोर माणसावरचं पान, त्याचा नमुना नॉर्मन बोरलॉगवर होता. एका पोराने तो तसाच ठेवला होता. विचारलं, हे कोण? म्हणाला, "सर, अमेरिकेचे प्रेसिडेंट असतील." गव्हावर आयुष्य घातलेला माणूस, १९७० चं शांततेचं नोबेल, आणि आपल्या पोराने त्याला थेट व्हाइट हाउसात बसवलं. याला कामावर घेऊ?

पंचवटी_फ्रंटएंड
नाशकात राहून बोरलॉग कशाला? मी तात्यासाहेब शिरवाडकरांवर केलं होतं. मराठी मजकूर घातला आणि लगेच कळलं की इंग्रजीसाठी ठेवलेलं ओळींमधलं अंतर आपल्याला पुरत नाही, वरच्या ओळीतले उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना जाऊन टेकतात. लाइन-हाइट वाढवली, पानाची भाषा सांगणाऱ्या लँगमध्ये मराठीचं एमआर टाकलं. नमुना पाहून हे कोणाला कळणार? त्यामुळे दोष प्रोजेक्टचा नाही, तो तसाच ठेवणाऱ्याचा आहे.

सातपूर_सीएनसी
मी सॉफ्टवेअरवाला नाही, एमआयडीसीत मशीनवर असतो. आमच्याकडे उमेदवाराला आधी साध्या रॉडवर स्टेप टर्निंग, म्हणजे टप्प्याटप्प्याने जाडी कमी करायला देतात. तो पीस गिऱ्हाइकाला जात नाही, पण सुपरवायझर मायक्रोमीटर लावतोच. न बघता फेकून देणारा सुपरवायझर मी तरी पाहिला नाही.

खरा राग मला दुसरीकडेच आहे. मुलाला एका क्लासला घातलं, शंभर टक्के प्लेसमेंटचा बोर्ड होता. भरमसाट फी घेतली आणि शिकवलं काय? हेच पाच प्रोजेक्ट, वर यांचा लोगो. प्लेसमेंट म्हणजे पुण्यातल्या कॉल सेंटरचे फोन नंबर. त्यांच्यावर लिहा की एखादी पोस्ट.

कॉलेजरोड_देव
काका, क्लासवाल्यांचा वेगळा धागा काढा, मी पहिला येतो.

निफाडची_कोडर
देव सर, चिकटवणाऱ्यांचं मी बोलतच नाहीये. जावास्क्रिप्टच्या सर्टिफिकेटला कॅश रजिस्टरचा प्रोजेक्ट होता. गिऱ्हाइकाला सुटे परत द्यायचे, गल्ल्यात पुरेसे नसतील तर तसं सांगायचं. त्यात पेनी, निकल, डाइम, क्वार्टर अशी अमेरिकन नाणी. पास झाल्यावर तोच हिशेब उलटा फिरवून बाबांची कांद्याची हिशेबपट्टी (माल विकल्यावर बाजारात मिळणारा हिशेबाचा कागद) तपासायचं पान केलं. वजन, भाव आणि हमाली, तोलाई, वाराई या बाजारातल्या कपाती घाला, हातात किती यायला हवेत ते दिसतं.

लासलगाव_आडतदार
वाराई का कापताय शेतकऱ्याच्या पट्टीतून? आधी ते सांगा.

पिंपळगावकर
हे तुम्ही विचारताय? कमाल आहे. २०१६ ला आडत, म्हणजे तुमचं कमिशन, आमच्या डोक्यावरून गेली, तेव्हापासून कापायला जागा शोधताय.

लासलगाव_आडतदार
उगाच तोंड उघडायला लावू नका. २०२४ च्या एप्रिलमध्ये व्यापारीच म्हणत होते की आम्ही पट्टीतून हमाली-तोलाई कापणार नाही, तुमचं तुम्ही बघा. त्यावरूनच लिलाव बंद पडले.

पिंपळगावकर
आणि बंद काळात माल कोणाचा सडला? तुमचा?

पंचवटी_फ्रंटएंड
अरे धागा कशाचा आहे!

लासलगाव_आडतदार
तुमच्या शिरवाडकरांच्या वेलांट्यांचा तर नक्कीच नाही. पोरीने पट्टीचा विषय काढला, आम्ही बोलतोय.

कॉलेजरोड_देव
भांडणात मध्येच घुसतो. ताई, पैसे दशांशात ठेवलेत का? ०.१ अधिक ०.२ केलं की जावास्क्रिप्ट काय देतं?

निफाडची_कोडर
०.३०००००००००००००००४. माहितीय सर. कॅश रजिस्टरमध्येच एका टेस्टला एक सेंट कमी येत होता, तिथे डोकं फुटलं होतं. जावास्क्रिप्टच्या टूफिक्स्डवर (दशांश ठरावीक अंकांपर्यंत आणणारं फंक्शन) सोडून चालत नाही, १.००५ दिलं की १.०१ ऐवजी १.०० हातात ठेवतं. म्हणून आधी सगळ्या रुपयांचे पैसे करते, बेरीज-वजाबाकी पूर्णांकात, आणि रुपये फक्त दाखवताना.

कॉलेजरोड_देव
बरं. हे रेझ्युमेवर सगळ्यात वर लिहा आणि सर्व्हे फॉर्म तळाला ढकला. एवढं मान्य.

निफाडची_कोडर
उपकार झाले. पण तळातल्या त्या ओळीवरूनच तर तुमच्यासारखे अख्खा कागद बाजूला टाकतात, वरचं वाचणार कोण?

कॉलेजरोड_देव
एका जागेसाठी शेकड्याने अर्ज येतात हो. चाळण लावायचीच असते, ही नाही तर दुसरी.

सातपूर_सीएनसी
मग चाळणच लावतो म्हणा ना सरळ, गृहपाठ म्हणून कशाला हिणवता?

लासलगाव_आडतदार
ताई, त्या पानाची लिंक टाका. माझ्याकडच्या पट्ट्या घालून बघतो. एका रुपयाचा जरी फरक निघाला तरी स्क्रीनशॉट इथेच टाकणार.

पिंपळगावकर
फरक निघाला तर तो पानातला की पट्टीतला, हे कोण ठरवणार? तुम्हीच?