वैशाख तापला म्हणजे पाऊस ठरला, हे कोणी ठरवले?

पर्जन्यमापक (परभणी)

काल ‘मृगनक्षत्र’ यांनी या चर्चामंचावर असे लिहिले की, परभणीचा पारा ४४ अंशांवर गेल्यामुळे येत्या चार दिवसांत वळीव पडणार हे ठरलेलेच आहे, वैशाख एवढा तापला की मृगही दमदार बरसतो, आणि म्हणून शेतकऱ्यांनी सरकी, म्हणजे कापसाचे बियाणे, आताच आणून ठेवावी. त्याखाली धन्यवादांचा जो वर्षाव झाला, तेवढा आभाळातून झाला तरी पुरे. अशा लेखनाकडे मी सहसा दुर्लक्ष करतो; परंतु सरकीचा सल्ला वाचून राहवले नाही.

सध्या आपल्याकडे वायव्येचा कोरडा वारा आहे आणि दुपारची आर्द्रता पंधरा-वीस टक्क्यांच्या वर जात नाही. चूल पेटलेली आहे, पण पातेल्यात पाणी नाही. अशा हवेत ढग बांधला गेलाच तर तो फार उंचावर बांधला जातो, त्यातून सुटलेले थेंब वाटेतच विरतात, आणि आपल्या वाट्याला धूळ, सोसाट्याचा वारा व विजा एवढेच येते. विदर्भापासून कर्नाटकमार्गे दक्षिणेकडे हवेच्या कमी दाबाचा पट्टा तयार झाला आणि बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून बाष्प आत आले, तर याहून कमी तापमानातही वळीव झोडपून काढतो. तेव्हा पाहायचे ते वाऱ्याकडे.

मृगाचा दावा तर आणखी धाडसी आहे. २०१५ च्या मे महिन्यात तेलंगण आणि आंध्रात उष्म्याने दोन हजारांहून अधिक माणसे दगावली. त्या कडक उन्हाळ्यानंतर आपल्याला काय मिळाले? भीषण दुष्काळ, आणि पुढच्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी. उलट २०२५ चा मे ओला आणि सौम्य गेला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये धाराशिव, बीड, लातूर व नांदेडमध्ये पुराने शेतांतील माती खरवडून नेली. तापलेल्या वैशाखाचे सूत्र या दोन वर्षांना कसे लावायचे, ते मूळ लेखकांनीच सांगावे.

मृगनक्षत्र (अंबाजोगाई)

साहेब, आपल्या अभ्यासाबद्दल मला आदर आहे. तो आधीच नोंदवून ठेवतो, कारण पुढचे वाक्य आपणांस आवडणार नाही. आपण सोयीची वर्षे निवडली आहेत. २०१५ सांगितले आणि २०१६ गाळले. लातूरला पाण्याची रेल्वे आली तो उन्हाळा काय थंड होता? मांजरा धरणाचा तळ उघडा पडला होता, आणि तेच धरण त्या वर्षीच्या सप्टेंबरअखेर भरले. हे आपल्या लेखात का नाही?

माझे वडील रोहिण्या लागल्या की संध्याकाळी ओट्यावर बसून पश्चिमेकडच्या आभाळाचा रंग पाहत आणि रोहिण्या किती तापल्या यावरून मृगाचा अंदाज बांधत. त्यांच्या हयातीत आमच्या घरावर दुबार पेरणीची वेळ आली नाही. आर्द्रतेचे टक्के त्यांना ठाऊक नव्हते. आपल्या आलेखांवर विसंबून पेरणी केलेल्या आणि मग बियाणे पुन्हा उधार आणलेल्या मंडळींची यादी मी देऊ शकतो.

बालाघाट (बीड)

दोन्ही बाजूंनी घाई होत आहे. उन्हाळ्याच्या तापमानाचा मान्सूनशी काहीच संबंध नाही, असे शास्त्राने कधीही म्हटलेले नाही. शास्त्रज्ञ वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मान्सूनच्या अंदाजासाठी सोळा घटकांचे जे प्रारूप (मॉडेल) वापरात आणले, त्यात उत्तर भारताचे मार्चमधील आणि मध्य भारताचे मे महिन्यातील तापमान हे घटक होतेच. तेव्हा ‘मृगनक्षत्र’ यांच्या वडिलांचे निरीक्षण अगदीच वाऱ्यावर सोडण्यासारखे नाही. अर्थात सोळांपैकी एक-दोन घटकांवर अख्खे भाकीत उभारणे वेगळे.

पर्जन्यमापक (परभणी)

‘बालाघाट’ यांनी प्रारूपाची जन्मकथा सांगितली, पुढचे प्रकरण मी सांगतो. २००२ मध्ये त्या प्रारूपाने सरासरीच्या १०१ टक्के पाऊस वर्तवला होता. प्रत्यक्षात देशात ८१ टक्के पडला आणि जुलैत तर सरासरीच्या जेमतेम निम्माच झाला. त्यानंतर २००३ मध्ये हवामान विभागाने प्रारूपच बदलले. शिवाय त्यातील तापमान हे विस्तीर्ण प्रदेशाचे होते. परभणीच्या एका दुपारचे नव्हते.

२०१६ मी गाळले, हे खरे. आता घ्या: तापलेला उन्हाळा आणि दुष्काळ, तापलेला उन्हाळा आणि भरलेले धरण, सौम्य मे आणि महापूर. या तीन वर्षांतून ज्यांना नियम काढता येईल त्यांनी खुशाल काढावा.

हळदवाला (बसमत)

आपले शास्त्रीय युद्ध चालू द्या. मला हवामान विभागाच्या त्या ‘तुरळक ठिकाणी’ पावसाबद्दल बोलायचे आहे. पिवळा इशारा आला की आम्ही शिजवलेली हळद ताडपत्रीखाली घेतो. शिजवलेली हळद झाकून ठेवली की तिला वाफ धरते, रात्रीतून बोटाला चिकट लागते आणि तिसऱ्या दिवशी वास येतो. दिवसभर ऊन कडक, पाऊस नाही, म्हणून चौथ्या दिवशी कंटाळून पसरतो, आणि नेमका त्याच संध्याकाळी अर्धा तास पाऊस येतो. भिजलेली हळद पुन्हा वाळते, परंतु रंग जातो, आणि बाजारात व्यापारी मूठभर हळकुंडे तळहातावर उलटीपालटी करून भाव पाडतो. आम्हाला उष्णता हवीच आहे. बसमतच्या हळदीला असे ऊन लागतेच. आम्हाला फक्त एवढे सांगा की, तो इशारा आमच्या शिवारासाठी आहे की नाही.

पर्जन्यमापक (परभणी)

भाऊ, नाही सांगता येत, आणि तो इशारा तसे सांगतही नाही. जिल्ह्यातील जास्तीत जास्त चौथाई ठिकाणी पाऊस होईल, एवढाच ‘तुरळक ठिकाणी’ या शब्दांचा अर्थ. म्हणजे तीन-चतुर्थांश शिवारे कोरडी राहूनही अंदाज बरोबर ठरतो. त्यामुळे दिवसभर ताडपत्री टाकून बसण्यापेक्षा दुपारी दोननंतर उपग्रहाचे चित्र आणि ‘दामिनी’ या मोबाइल ॲपवर विजा कोणत्या बाजूने सरकत आहेत हे पाहावे. थोडा वेळ तरी हाताशी मिळतो.

मोसंबीबाग (अंबड)

पाऊस राहू द्या. आपण सर्वजण ज्या ४४ अंशांवर भांडत आहात, ते मोजले कोणी आणि कुठे? हवामान आधारित फळपीक विम्यात आमच्या मोसंबीच्या आंबिया बहाराचे (हिवाळ्याच्या अखेरीस फुलणाऱ्या हंगामाचे) भवितव्य महसूल मंडळातील एका स्वयंचलित केंद्रावर अवलंबून असते. आमच्या मंडळाचे केंद्र पाझर तलावाच्या खाली, एका जुन्या कडुनिंबाच्या जवळ आहे. दुपारी दोनला त्या निंबाखाली गुरे बसतात आणि तिथे जे तापमान नोंदले जाते, ते आमच्या माळावरच्या बागेला लागू होते. लिंबाएवढी फळे देठ सोडून वाफ्यात पडली आहेत, झाड हलवण्याचीही गरज उरलेली नाही. विम्याची अट मात्र अशी की, ठरलेले कमाल तापमान सलग ठरलेले दिवस ओलांडले पाहिजे. ओढ्यापलीकडच्या मंडळाला मागे रक्कम मिळाली आणि आम्हाला ‘निकष पूर्ण होत नाहीत’ एवढे उत्तर मिळाले. मग कुठल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा?

गोदाकाठ (गंगाखेड)

माझ्या चारचाकीने काल ४७ दाखवले. तिच्या नावाने विमा उतरवता येतो का, पाहतो.

मृगनक्षत्र (अंबाजोगाई)

‘मोसंबीबाग’ यांनी अचूक जागी बोट ठेवले आहे. ज्यांना एका मंडळाचे तापमान धड मोजता येत नाही, त्यांनी आमच्या वडिलांच्या आभाळाला नावे ठेवू नयेत. आणखी एक प्रश्न. ४४ अंशांना जिवाची काहिली होत असताना उष्णतेची लाट का जाहीर होत नाही?

पर्जन्यमापक (परभणी)

कारण मैदानी प्रदेशात तापमान किमान ४० असून सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी अधिक असावे लागते, अथवा सरळ ४५ गाठावे लागते. आपल्याकडे मे महिन्याची सरासरीच चाळिशीपार असल्याने ४४ ला लाट ठरत नाही. हा निकष मी केलेला नाही. आणि आपल्या वडिलांना मी कुठेही नावे ठेवलेली नाहीत; ओट्यावर बसून आभाळ पाहणारा माणूस दुसऱ्याच्या हातात सरकी देत नसे, एवढाच फरक मला दिसतो.

केंद्राच्या जागेविषयी: तापमान जमिनीपासून सुमारे चार फुटांवर, सावलीच्या झरोक्यांच्या पेटीत आणि मोकळ्या जागी मोजायचे असते, पर्जन्यमापकापासून अडथळा त्याच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर असावा लागतो. निंबाखालचे केंद्र या दोन्ही कसोट्यांवर नापास आहे. परंतु केंद्र चुकीच्या जागी आहे म्हणून तापमानावरून वळीव ठरतो, हे कोणत्या तर्काने सिद्ध होते?

मोसंबीबाग (अंबड)

सिद्ध करायचेच नव्हते, सर. आपण चौथाई ठिकाणे म्हणता तेव्हा ती ठिकाणेही याच केंद्रांवरून ठरवली जात असतील, तर अंदाज बरोबर आला की चुकला हेसुद्धा आमच्या निंबाखालीच ठरणार ना?

बालाघाट (बीड)

हा प्रश्न मूळ प्रश्नापेक्षा मोठा आहे, आणि त्याला येथे कोणाकडेही उत्तर दिसत नाही. पंधरा-वीस गावांचे मंडळ आणि एक केंद्र. वळवाचा ढग एका गावाच्या शिवेवर थांबतो. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक भरले की अतिवृष्टी मानली जाते, आणि त्याच मंडळातील दुसऱ्या टोकाला धूळही बसलेली नसते. उलटही होते, आणि ते अधिक महाग पडते.

पर्जन्यमापक (परभणी)

‘मोसंबीबाग’ यांचा मुद्दा मान्य करण्यावाचून गत्यंतर नाही, मान्य आहे. ग्रामसभेचा ठराव, केंद्राचे चारही दिशांनी छायाचित्र आणि झाडापर्यंतचे मोजलेले अंतर, एवढे घेऊन तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. निकाल लागल्यावर दिलेली तक्रार कोणी वाचत नाही, म्हणून बहार संपण्याआधी द्यावी.

सरकीविषयी मात्र माघार नाही. वळवाचा एक सडाका म्हणजे पेरणीचा पाऊस नव्हे. ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नये, हे कृषी विभाग दरवर्षी सांगतो, आणि जूनच्या आधी लावलेल्या कापसावर गुलाबी बोंडअळीला आयतेच आमंत्रण मिळते.

मृगनक्षत्र (अंबाजोगाई)

आणून ठेवा म्हटले होते, पेरा म्हटले नव्हते. वाचताना चष्मा लावावा, ही नम्र विनंती. केवळ माहितीसाठी: आज दुपारपासून आमच्याकडे वारा आग्नेयेचा आहे आणि अंगाला घाम चिकटू लागला आहे.

पर्जन्यमापक (परभणी)

हे काल लिहिले असते, तर मला एवढे लिहावे लागले नसते. वारा रात्रीही तसाच राहिला तर उद्या संध्याकाळी दक्षिण बीड आणि लातूरच्या बाजूला शक्यता धरतो. परभणीसाठी अजून नाही.

हळदवाला (बसमत)

आणि बसमतसाठी?