देवनागरी भित्तिपत्रकाचा वर्गप्रकल्प कसा आखावा?

प्रश्न (अध्यापिका, कोल्हापूर)

सप्रेम नमस्कार. मी डिजिटल माध्यम व ग्राफिक डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला शिकवते. गेल्या सत्रात खाद्यमहोत्सवासाठी भित्तिपत्रक, इन्स्टाग्रामची पोस्ट आणि १५ सेकंदांचे चलचित्र असा प्रकल्प दिला होता. रंगसंगती बहुतेकांची चांगली होती. परंतु मराठी मजकूर इंग्रजी शीर्षकाखाली मागाहून चिकटवल्यासारखा दिसत होता, आणि सर्वांत देखण्या भित्तिपत्रकावर ‘आचाऱ्यांची स्पर्धा’ऐवजी ‘आचार्यांची स्पर्धा’ असे छापले गेले. गुण देताना ही चूक माझ्याही नजरेतून निसटली, हे कबूल करायला हवे. यंदा १४ आठवडे हाताशी आहेत आणि निम्म्या विद्यार्थ्यांकडे लॅपटॉप नाही. देवनागरी अक्षरापासूनच सुरू होणारा प्रकल्प आपण कसा आखाल?

उत्तर १ (अक्षररचनाकार, पुणे)

आपल्या ‘आचार्यां’चे मूळ बहुधा कळफलकात असावे. रोमन अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्या सोयीत र आणि य जोडले की बहुतेक वेळा रफाराचा ‘र्य’ मिळतो. ‘ऱ्य’ मुद्दाम निवडावा लागतो. दुसरी अडचण सॉफ्टवेअरची असते. अडोबीच्या प्रणालींत परिच्छेदासाठी ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ (भारतीय लिप्यांतील मात्रा व जोडाक्षरे नीट जुळवणारा पर्याय) निवडलेला नसेल, तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि रफार सुटा पडतो. म्हणून पहिल्याच तासाला ‘किल्ला, मूर्ती, दऱ्या, राष्ट्र, शुद्ध, ज्ञान, कॅमेरा’ एवढे शब्द टाइप करून घ्यावेत. हे शब्द धड उमटल्याशिवाय मांडणीला हात लावू देऊ नये. फाँट युनिकोडचाच (प्रत्येक अक्षराला सर्वत्र एकच संकेतांक देणाऱ्या पद्धतीचा) असावा. जुन्या पद्धतीच्या फाँटमधील मजकूर फाँट बदलताच निरर्थक रोमन अक्षरांत पालटतो. ‘एक टाइप’ या फाँट घडवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ हा फाँट मोफत आहे आणि सात जाडींत मिळतो, तेव्हा निम्मा वर्ग त्यावरच निभावेल.

उत्तर २ (उपयोजित कलेचा माजी विद्यार्थी, मुंबई)

लॅपटॉप नसणे ही मला अडचण वाटत नाही. आम्हाला प्रत्येकी आपल्या गल्लीतील एक रंगवलेली पाटी निवडायला सांगितली होती. मोबाइलवर छायाचित्र घ्यायचे, चौकटीच्या कागदावर सपाट ब्रशने तीच अक्षरे काढायची, आणि त्याच वळणाची आणखी दहा अक्षरे स्वतः रचायची. संपूर्ण वर्णमाला मागू नये, विद्यार्थी कंटाळतात. माझी पाटी पिठाच्या गिरणीची होती. तिच्यावरच्या ‘दळण’मधला ‘ळ’ रंगाऱ्याने किंचित वर उचलला होता, कारण खालच्या ओळीतल्या ‘मिळेल’च्या वेलांटीला वर जागा हवी होती, ओळींमधील अंतर म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळले. ‘भ’, ‘ध’, ‘थ’ यांची शिरोरेषा कुठे तुटते, हेही हाताने काढल्याशिवाय लक्षात राहत नाही. ‘यात्रा वन’ हा फाँट मुंबईच्या लोकल रेल्वेच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून स्फुरलेला आहे, तो वर्गात अवश्य दाखवावा.

उत्तर ३ (मुद्रक, नाशिक)

माझी तक्रार जुनीच आहे. मुले १०८० पिक्सेल रुंदीची इन्स्टाग्रामची पोस्ट आणून देतात आणि तीच ए-३ आकारात छापून मागतात. २९७ मिमी रुंदीवर ती जेमतेम ९२ डीपीआय (एका इंचातील ठिपके) भरते, तर चांगल्या छपाईला ३०० लागतात. भित्तिपत्रक आधी करून पोस्ट त्यातूनच काढावी, असा क्रम आपण ठरवून द्यावा. चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापणीच्या रेषेबाहेर वाढवलेला रंग वा चित्र) असावे, आणि बारीक मजकूर केवळ काळ्या शाईत असावा; तो चार रंगांत विभागला गेला, तर नोंदणी (रंगांची एकावर एक जुळणी) जराशी हलताच मात्रांच्या कडा रंगीत दिसतात. मजकुराच्या आउटलाइन (अक्षरांचे न बदलता येणाऱ्या आकृतींत रूपांतर) मुद्रितशोधनानंतरच कराव्यात, त्याआधी मुळीच नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे आभार. पहिले पाच आठवडे पाट्यांना देईन. सपाट ब्रशचा मात्र आग्रह धरणार नाही, कारण तो सांभाळायला शिकण्यातच महिना जाईल. कापलेल्या खडूनेही जाड-बारीक रेघ मिळते. मुद्रितशोधन मराठी विभागातील सहकारी करतील. एक शंका उरते: चलचित्रात शीर्षकाचे एकेक अक्षर पुढे येताना मात्रा वेगळ्याच उडत आल्या होत्या. असे का होते?

उत्तर १ (पुन्हा)

‘कि’ आपल्याला एक अक्षर दिसते, परंतु संगणकाच्या लेखी ती ‘क’ आणि वेलांटी अशी दोन चिन्हे असतात, आणि अक्षरवार हालचालीचे तयार साचे पुष्कळदा चिन्हेच मोजतात. शीर्षक शब्दवार हलवावे, किंवा ‘कि’, ‘ल्ला’ असे तुकडे निरनिराळ्या लेअरवर ठेवावेत. दुसऱ्या पद्धतीत शिरोरेषेचे सांधे नीट जुळवावे लागतात, त्यासाठी एक तास जास्तीचा धरावा.