फिजिओची माहिती वाचताना नेमकं काय पाहायचं?

धंतोलीकर:
आईच्या (वय 68) उजव्या गुडघ्याचं रिप्लेसमेंट होऊन दहा दिवस झाले. नागपुरात घरी येणारा फिजिओ शोधून राहिलो. एकांची माहिती अशी: बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी), एमपीटी (त्यातली पदव्युत्तर, न्यूरो म्हणजे मेंदू-मज्जातंतू), 11 वर्षं अनुभव, विशेष रस पक्षाघातानंतरच्या पुनर्वसनात, फावल्या वेळात सायकलिंग. दुसऱ्या मॅडम: एमपीटी (मस्क्युलोस्केलेटल, म्हणजे हाडं-स्नायू-सांधे), 5 वर्षं, विशेष रस सांधेबदलात, फावल्या वेळात गायन. अनुभव पाहावा की विषय?

मेडिकल_चौक:
विषय. या दोघांच्या वेळची बीपीटी साडेचार वर्षांची होती, त्यात शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. तिथं थोडं थोडं सगळंच शिकवतात. एमपीटीची दोन वर्षं मात्र एकाच शाखेत जातात. आईला जुना पक्षाघात किंवा पार्किन्सन असेल तर न्यूरोवाल्यांना आधी विचारा, नाहीतर मॅडम. दोघांनाही सरळ विचारा, वर्षभरात बदललेले गुडघे किती पाहिले? आणि फिजिओथेरपीच्या राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा, त्यात संकोच नको. टेपिंग, कपिंग, ड्राय नीडलिंग अशी नावापुढची लांबलचक यादी बहुतेकदा दोन-चार दिवसांच्या कोर्सची असते, ती पदवी नव्हे.

सक्करदरा_फिजिओ:
खरी पारख पहिल्याच भेटीत होते. गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायची पट्टी) काढून गुडघा किती वाकतो आणि किती सरळ होतो, हे दोन्ही आकडे लिहून ठेवतात का ते पाहा. दोन-तीन आठवड्यांत 90 अंशांच्या आसपास वाकायला हवा. पण लोक वाकण्याच्याच मागे लागतात आणि सरळ होणं राहून जातं. गुडघा पूर्ण सरळ झाला नाही तर चाल कायमची लंगडी होऊ शकते, मांडीचा स्नायूही लवकर थकतो. याचं नेहमीचं कारण म्हणजे आराम वाटतो म्हणून गुडघ्याखाली ठेवलेली उशी. मशीन लावून वीस मिनिटं बसवणारा आणि व्यायाम न शिकवणारा नको. टाच सरकवणं, मांडी आवळून 5 सेकंद धरणं, घोटा वर-खाली करणं हे दिवसातून तीन-चारदा घरच्यांनीच करवून घ्यायचं असतं. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा.
पोटरी सुजून दुखत असेल, ताप असेल किंवा जखमेतून पाणी येत असेल तर त्याच दिवशी सर्जनला दाखवा. पोटरीला मालिश अजिबात नको. छातीत दुखलं किंवा दम लागला तर थेट इमर्जन्सीत.

फुटाळा_सकाळ:
छंदावरून हात कळत नाही, पण वेळ कळते. जो फिजिओ खेळाडूंचंही काम पाहतो आणि मॅचच्या दिवशी संघासोबत जातो, त्याच्या बदली कोण येईल ते आधीच ठरवा. या आठवड्यांत खाडे परवडत नाहीत. सेमिनरी हिल्सचा चढ सध्या नको, सपाट अंगणात वॉकर घेऊन चालवा. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत किंवा घरातच. बर्फ टॉवेलमध्ये गुंडाळून 15 मिनिटं, थेट कातडीवर नको.

धंतोलीकर:
मॅडमना आजच फोन करतो. उशी गुडघ्याखालीच आहे, पाय उंच ठेवायला सांगितला होता म्हणून.

सक्करदरा_फिजिओ:
पाय उंच असू द्या, फक्त उशी टाचेखाली सरकवा आणि गुडघा मोकळा राहू द्या. 10 मिनिटांपासून सुरू करा. ताण जाणवेल, तो चालतो. असह्य दुखलं तर काढून घ्या आणि थोड्या वेळानं परत ठेवा.