मदत हवी आहे: मुलींच्या सॉफ्टबॉल टीमची बॅटिंग ॲव्हरेज जुळत नाहीत

रेवा_जर्सी
लेकीच्या टीमचं स्कोअरबुक या सीझनला माझ्याकडे आलंय. ऑल-स्टारसाठी (लीगच्या निवडक मुलींची टीम) नावं पाठवायची आहेत, म्हणून कोचला शनिवारच्या मॅचआधी सगळ्या मुलींची बॅटिंग ॲव्हरेज हवी आहेत. मी वहीत लिहिते, दुसऱ्या एका मुलीचे बाबा फोनवर ॲपमध्ये लिहितात, आणि असिस्टंट कोचचा तिसराच कागद आहे. एकाच मुलीचं माझं उत्तर .३०८, ॲपचं .५३८ आणि असिस्टंट कोचचं .२००! एवढा फरक कसा पडतो? बरोबर कोणाचं? कृपया लिंका देऊ नका, त्या वाचून झाल्यात. फॉर्म्युला सांगा, लवकर.

अमेय७३
मुली किती वर्षांच्या? पिचिंग मुली करतात, मशीन की कोच? चार बॉल, म्हणजे चार चुकीचे पिच, झाले की वॉक, म्हणजे फुकट फर्स्ट बेस, देतात, की कोच येऊन उरलेले टाकतो? हे कळल्याशिवाय कोणीही काहीही सांगितलं तरी उपयोग नाही. त्या एका मुलीचा कच्चा हिशेबही टाका.

एक्सेलवाला
वही आणि ॲप दोन्ही सोडा. एक्सेलमध्ये एका मुलीला एक ओळ, प्रत्येक बॅटिंगला एक रकाना, त्यात एच (हिट), बी (वॉक), के (स्ट्राइकआउट), ई (एरर, फील्डरची चूक) असं एकच अक्षर, आणि शेवटी मोजायला काउंटइफ फॉर्म्युला. मुलाच्या बेसबॉल टीमचं मी असंच ठेवतो. आणि पिच काउंट, म्हणजे पिचरने टाकलेल्या बॉलची मोजणी, विसरू नका! लिटल लीग या मुलांच्या संघटनेच्या बेसबॉलमध्ये ९-१० वयाला दिवसाला ७५ पिच, ११-१२ ला ८५. ६६ किंवा जास्त झाले की चार दिवस विश्रांती. खांदे जपा मुलांचे.

अमेय७३
त्यांनी सॉफ्टबॉलचं विचारलंय हो, आणि बॅटिंगचं. हा पिच काउंट बेसबॉलचा आहे.

रेवा_जर्सी
हो, सांगायचं राहिलं. १०यू, म्हणजे दहा वर्षांपर्यंतच्या मुली, रेक (हौशी) लीग. पिचिंग मुलीच करतात, चार बॉलला वॉक. सगळ्या मुली ओळीने बॅटिंग करतात. एका इनिंगमध्ये पाच रन झाले की इनिंग संपते.
ती मुलगी २० वेळा बॅटिंगला आली. ६ वॉक, एकदा बॉल अंगाला लागला, ४ हिट, ३ वेळा फील्डरच्या चुकीवर बेसवर पोचली, ६ वेळा आउट.

बॅकस्टॉप
आता जमलं. तिन्ही आकडे याच वीसमधून निघतात, बघा.

वॉक आणि अंगाला लागलेला बॉल ॲट-बॅटमध्ये, म्हणजे ज्याने भागायचं त्या आकड्यात, धरत नाहीत. सॅक्रिफाइस बंटही (स्वतः आउट होऊन पुढच्या रनरला सरकवणारा हलका फटका) नाही. म्हणजे २० मधून ७ गेले, १३ उरले. हिट, म्हणजे स्वतःच्या फटक्यावर बेस गाठलेले, ४. चार भागिले तेरा, .३०८. तुमची वही बरोबर.
असिस्टंट कोचनी ४ ला सरळ २० ने भागलंय, म्हणून .२००.
ॲपमध्ये एररवरचे तीनही हिट म्हणून टाकलेत. सात भागिले तेरा, .५३८. ॲपचा भागाकार चोख आहे, त्यात भरलेलं तपासायला हवं.

एररवर पोचलं तर ॲट-बॅट धरायचा, हिट धरायचा नाही. फील्डर्स चॉइसलाही तसंच, आणि तिथेच बरेच पालक गडबडतात: लेकीने बॉल मारला, ती फर्स्टवर सुखरूप पोचली, पण शॉर्टस्टॉपने (सेकंड-थर्डच्या मधल्या फील्डरने) सेकंडकडे पळणाऱ्या मुलीला आउट करायचं ठरवलं. त्याचा हिट होत नाही.

खरं तर या वयात ऑन-बेस, म्हणजे हिट, वॉक किंवा अंगाला लागून बेसवर पोचण्याचं प्रमाण, काढा. (४+६+१) भागिले २०, म्हणजे .५५०. ही मुलगी निम्म्याहून जास्त वेळा बेसवर असते. ती मला टीममध्ये हवी.

मंजिरी_फ्रीमाँट
ऑन-बेसला माझा विरोध आहे. १०यू मध्ये पिचरचे निम्मे बॉल प्लेटच्या आसपास येत नाहीत. बॅट खांद्यावरून न काढता उभं राहिलं तरी वॉक मिळतो. आमच्याकडे कोचने ऑन-बेसचा तक्ता डगआउटमध्ये लावला आणि दोन आठवड्यांत मुलींनी बॅट फिरवणंच सोडलं. वर "स्विंग करू नकोस, उभी राहा" असं पालक कुंपणाबाहेरून ओरडायला लागले. नऊ वर्षांच्या पोरी खेळायला येतात की वॉक गोळा करायला? बॉलला बॅट किती वेळा लागली तेवढं मोजा.

बॅकस्टॉप
तक्ता लावला ही कोचची चूक. त्यात आकड्याचा काय दोष? वाईट बॉल सोडणं हे कौशल्यच आहे.

मंजिरी_फ्रीमाँट
बाराव्या वर्षी असेल. नवव्या वर्षी ते पिचरचं अपयश आहे.

गल्लीतला_धोनी
मग वॉकलाच हिट धरा, भांडण मिटेल. आपल्या क्रिकेटमध्ये रन भागिले आउट, किती सोपं.

अमेय७३
ते करून झालंय. १८८७ मध्ये मेजर लीगमध्ये वॉकला हिट धरलं होतं. ॲव्हरेज इतकी फुगली की एका सीझनमध्येच गुंडाळावं लागलं. क्रिकेटचं म्हणाल तर बॉक्स स्कोअर (मॅचच्या आकड्यांचा तक्ता) रुजवणारा हेन्री चॅडविक मुळात क्रिकेटचाच वार्ताहर. वॉक ही बॅटरची कमाई नाही असं त्याचंही मत होतं, म्हणजे तो मंजिरीताईंच्या बाजूचा.

विदर्भकन्या
मी अमरावतीत शाळेकडून सॉफ्टबॉल खेळले. ॲप वगैरे नव्हतं, एक सर टेबलाशी बसून लिहायचे. खेळ चालू असताना त्यांच्याशी बोलायचं नाही हा नियम होता. रेवाताई, तुम्ही कुठे बसता? बाकीच्या आयांबरोबर खुर्ची टाकून बसलात तर वही नीट होणारच नाही. बॅकस्टॉपच्या, म्हणजे बॅटरमागच्या जाळीच्या, मागे बसा.

पण मला एररबद्दल बोलायचंय. नऊ वर्षांच्या शॉर्टस्टॉपच्या हातून जोरातला बॉल निसटला, तर तो एरर लिहायचा? तिच्या नावापुढे? मला पटत नाही.

बॅकस्टॉप
नियम असा की साधारण प्रयत्नात आउट होण्यासारखा असेल तरच एरर. तो साधारण प्रयत्न त्या वयाच्या मुलीचा धरा, टीव्हीवरच्या खेळाडूचा नको. सरळ, हळू येणारा ग्राउंडर दोन पायांमधून गेला तर ई-६, म्हणजे शॉर्टस्टॉपचा एरर. बॅटवरून सणसणीत आला, ग्लोव्हला लागून उडाला तर हिट. दोघींच्या मध्ये उंच बॉल पडला, दोघी "तू घे" म्हणत थांबल्या, कोणी हात लावला नाही, तर हिट. कोणाच्या भावना दुखावतील म्हणून सगळेच हिट लिहिले तर बॅटिंगच्या आकड्याला अर्थ उरत नाही.

विदर्भकन्या
मग एरर फक्त बॅटरच्या चौकोनात लिहा, फील्डिंगचे आकडे काढूच नका.

बॅकस्टॉप
हे मान्य.

अमेय७३
रेवाताई, एक विचारू? ती .५३८ वाली मुलगी कोणाची?

रेवा_जर्सी
ॲपवाल्या बाबांचीच. मुद्दाम लिहिलं नव्हतं, कारण ते खोटं लिहितात असं मला वाटत नाही. त्यांच्या जागेवरून थर्ड बेसची बाजू दिसतच नाही. पण दुसऱ्या एका मुलीच्या अशाच एररला त्यांनी एरर लिहिलंय, म्हणून अडचण आहे. कोचसमोर हे मी कसं मांडू? त्या मुलीशी माझी लेक रोज शाळेत जेवते.

अमेय७३
नावं घेऊच नका. कोचला म्हणा, हिट की एरर हे एकाच माणसाने ठरवायचं, आणि तो माणूस तुम्ही सांगा. इनिंग संपली की दोघांनी वही आणि ॲप ताडून बघायचं, दीड मिनिटाचं काम. रन आणि आउट समोरच्या टीमच्या स्कोअररशीही जुळवून घ्या. जुन्या मॅचचे वादाचे चौकोन कोचलाच सोडवू द्या, आणि ते एका मुलीचे नकोत, सगळ्यांचे.

मंजिरी_फ्रीमाँट
आणि यादी कोचच्या हातात द्या, ग्रुपवर टाकू नका. वीस बॅटिंगच्या आकड्यात एक हिट इकडचा तिकडे झाला तर .३०८ चं .३८५ होतं. एवढ्यावरून ऑल-स्टार ठरू नये. तुमची लीग लिटल लीगची असेल तर वहीचा खरा उपयोग वेगळाच आहे: सुरुवातीपासून हजर असलेल्या प्रत्येक मुलीला निदान सहा आउट फील्डिंगला आणि एकदा बॅटिंग मिळाली का, ते बघणं. आमच्याकडे ते कोणी लिहीत नव्हतं. एक मुलगी मॅचमागून मॅच दोन इनिंग बाकावर बसायची, आणि ते तिच्या आईशिवाय कोणाच्या लक्षात आलं नाही.

एक्सेलवाला
माझ्या शीटमध्ये तो रकाना आहे. हवी तर पाठवतो.

रेवा_जर्सी
मंजिरीताई, हे आजपासूनच लिहीन. कोचशी फोनवर बोलले. हिट-एरर तेच ठरवणार, शुक्रवारी सरावानंतर आम्ही तिघं बसून वादाचे चौकोन बघणार. एक्सेलवाला, शीट नक्की पाठवा.
शेवटचं एक. पाच रन झाले म्हणून इनिंग एका आउटवरच संपली, तर पिचरची इनिंग पूर्ण धरायची का? ॲप एक-तृतीयांश दाखवतंय.

बॅकस्टॉप
ॲप बरोबर आहे, इनिंग आउटवरूनच मोजतात. एक आउट म्हणजे एक-तृतीयांश. ईआरए, म्हणजे पिचरने एररशिवाय दिलेल्या रनची मॅचमागे सरासरी, काढायचाच झाला तर तुमच्या मॅच सहा इनिंगच्या असतील तर ६ ने गुणा, ९ ने नको. पण पाच रनच्या मर्यादेत तो आकडा फारसा काही सांगत नाही. त्यापेक्षा पिचरने टाकलेल्या बॉलपैकी स्ट्राइक किती, ते लिहा.