नाशिकच्या वायनऱ्या आणि द्राक्षांचे गाव : सात जणांच्या एका दिवसाच्या सहलीसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही सात जण पुण्याहून नाशिकला जाणार आहोत आणि त्यातला एक पूर्ण दिवस एक-दोन वायनऱ्या व द्राक्षे पिकवणारे एखादे गाव पाहण्यासाठी राखून ठेवला आहे. सहलीचे खरे निमित्त म्हणजे माझे मामा. तासगाव तालुक्यात त्यांची बाग आहे, आयुष्यभर त्यांनी बेदाण्याची द्राक्षे पिकवली, परंतु वाईनची द्राक्षे वेलीवर कशी दिसतात हे त्यांनी अजून पाहिलेले नाही. ते माळकरी असल्यामुळे वाईन चाखण्याचा प्रश्नच येत नाही; त्यांच्या शंका शेतीच्या आहेत. मणी फुगावा म्हणून आपण घडांना जी.ए.चे (जिबरेलिक ॲसिड या वाढ-संजीवकाचे) डिपिंग करतो, म्हणजे घड त्या द्रावणात बुडवतो; मग जिथे मणी लहान आणि जाड सालीचाच हवा असतो तिथे तो खर्च आणि मजुरी वाचते का? मांडवाऐवजी वेल तारांवर भिंतीसारखी उभी बांधल्यामुळे फवारणी सोपी होते का? आणि गोडीसाठी एकरी माल मुद्दाम कमी धरायचा असेल, तर शेतकऱ्याला भाव कोणत्या हिशेबाने मिळतो? याची उत्तरे विक्रीच्या काउंटरवर मिळणार नाहीत, त्यासाठी कोणी बागाईतदारच भेटायला हवा.

हे इतके सविस्तर लिहिण्याचे कारण म्हणजे दोन वर्षांपूर्वी मी आणि पत्नी अशाच एका तयार सहलीला गेलो होतो. ‘लहान गट’ म्हणून बारा जणांना एका गाडीत बसवले, तीन वायनऱ्या धावतपळत दाखवल्या आणि ‘गावभेट’ म्हणून रस्त्यालगतच्या हॉटेलच्या अंगणात रंगवलेल्या बैलगाडीशेजारी उभे केले. खरे गाव खिडकीतून मागे पडताना पाहिले, तेवढेच.

या वेळी गंगापूर धरणाच्या बाजूने जावे, असा माझा विचार आहे. सुला, यॉर्क आणि सोमा या वायनऱ्या तिथे एकमेकांपासून फार लांब नाहीत, त्यामुळे एक मोठी आणि एक तुलनेने लहान अशा दोनच वायनऱ्या घेऊन दुपारनंतर गिरणारे किंवा आसपासच्या एखाद्या गावात थांबता येईल. दुसरा पर्याय दिंडोरी तालुक्याचा आहे. तिथे मोहाडीला शेतकऱ्यांनीच उभी केलेली सह्याद्री फार्म्स ही कंपनी असल्यामुळे मामांचा कल त्या बाजूला आहे. इगतपुरीकडच्या सांजेगाव आणि कावनई येथील वायनऱ्यांबद्दलही चांगले ऐकले आहे, पण हे सगळे एका दिवसात कोंबण्याची माझी इच्छा नाही. आपण कोणती बाजू निवडाल?

तारखेचाही पेच आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये मामांचा स्वतःचा माल बेदाण्यासाठी रॅकवर वाळत असतो, तेव्हा ते बाग सोडून येणार नाहीत. पांढऱ्या वाईनची द्राक्षे आधी आणि लालची नंतर तोडतात हे मला माहीत आहे, म्हणून जानेवारीअखेर निदान शेनिन ब्लांक या पांढऱ्या वाईनच्या द्राक्षाची तोडणी आणि गाळप पाहायला मिळेल अशी आशा आहे. मात्र 26 आणि 30 जानेवारी हे दोन्ही ड्राय डे. मामांना ते आनंदाने चालतील, माझ्या मित्रांना चालणार नाहीत! तरीही विचारतो, अशा दिवशी वायनरीची आतली फेरी तरी चालू असते का?

आमच्यात मित्राची मुलगी वीस वर्षांची आहे. वाईनसाठी 21 वर्षांची अट असल्यामुळे ती चाखणार नाही, पण तिला आणि मामांना फक्त फेरीचे वेगळे तिकीट मिळते, की चाखण्यासकट पूर्ण पैसे भरावे लागतात? शिवाय, चाखणाऱ्यांपैकी कोणी गाडी चालवू नये म्हणून दिवसभरासाठी स्थानिक चालक हवा आहे. दुपारचे जेवण उपाहारगृहाऐवजी एखाद्या शेतकऱ्याच्या घरी, साधे शाकाहारी आणि रीतसर पैसे देऊन, मिळाले तर उत्तमच.

नाशिक, दिंडोरी किंवा निफाडकडचे कोणी सभासद स्वतः वाईनची द्राक्षे लावत असतील आणि आम्हाला तासभर बागेत येऊ देणार असतील, तर कृपया निरोपातून कळवावे. मामांनी भेट द्यायला दोन किलो बेदाणा आत्ताच बाजूला काढून ठेवला आहे आणि तो कोणाच्या घरी द्यायचा, हे मला रोज फोनवर विचारत आहेत.